वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत पास, भारतात नापास

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते आणि सध्या अमेरिकी नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करीत आहे. रोज सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवलेले प्रश्न तिला विचारते. ऐकून ऐकून ते मलाच पाठ झाले. परवा माझ्या नातीने माझी परीक्षा घेतली, तेव्हा दहापैकी आठ उत्तरे बरोबर आली. मग तिने भारताविषयी दहा प्रश्न विचारले आणि त्यांत मला चारच जमले. राष्ट्रभाषा हिंदी, संपत्तीचा हक्क मूलभूत, मतदान हे मूलभूत कर्तव्य आणि आमच्या भागाचा नगरसेवक एक, ही माझ्या चुकलेल्या उत्तरांपैकी काही. मी बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली आहे आणि एकही मतदान चुकवलेले नाही. भारतातही अशी परीक्षा असते का, आणि मी खरोखरच नापास का?
— एक आजी, लक्ष्मीनगर, नागपूर

उत्तर : आपल्या लग्नपत्रिकांचा असा सदुपयोग वाचून आनंद झाला. आधी अमेरिकेच्या परीक्षेविषयी सांगतो, कारण आपले आठ गुण कशाचे आहेत ते त्यावरून कळेल. ही परीक्षा तोंडी असते. मुलाखत घेणारा अधिकारी आधीच जाहीर केलेल्या यादीतूनच प्रश्न विचारतो आणि ही यादी उत्तरांसह सरकारच प्रसिद्ध करते, त्यामुळे पेपरफुटीची चिंता तेथे कोणालाच नाही. २००८ पासून चालत आलेल्या यादीत १०० प्रश्न आहेत. त्यांतील जास्तीत जास्त १० विचारले जातात आणि ६ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण होतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना मात्र १२८ प्रश्नांची यादी लागू झाली असून, त्यांतील २० पर्यंत प्रश्न विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. मुलीचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे ते एकदा पाहून घ्या, नाहीतर चुकीच्याच पत्रिका वाचल्या जायच्या. इंग्रजी वाचण्या-लिहिण्याची चाचणी याशिवाय असते आणि पहिल्या खेपेस न जमल्यास आणखी एक संधी मिळते.

इतर देशांतही असेच आहे. ब्रिटनमध्ये संगणकावर ४५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवून १८ बरोबर आणावे लागतात आणि जर्मनीत ३३ पैकी १७ पुरतात. जर्मनीतही यादी आधीच जाहीर असते आणि ब्रिटनमध्ये प्रश्न ठरलेल्या पुस्तकातूनच येतात, म्हणजे चिकाटी असलेला कोणीही तयारी करू शकतो. तेव्हा आपल्या आठ गुणांचे श्रेय आपल्या कानांना आणि रोजच्या कॉलला आहे. अमेरिकेच्या यादीतील काही प्रश्न मात्र नुसत्या पाठांतराच्या पलीकडे जातात. कायद्याचे राज्य म्हणजे काय, हा त्यांतला एक. दुसरा असा, की स्वशासनाची कल्पना राज्यघटनेच्या पहिल्या तीन शब्दांत आहे, ते शब्द कोणते? त्याचे उत्तर 'आम्ही लोक' या अर्थाचे आहे. आपल्या उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी होते, हे आपल्या नातीला नक्कीच ठाऊक असेल.

भारतात नागरिकत्वासाठी अशी प्रश्नोत्तरांची परीक्षा नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार देशीयीकरणाने नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीला अर्जापूर्वीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे येथे राहावे लागते (२०१९च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा समुदायांसाठी ही ११ वर्षे ५ वर आली आहेत). वर्तन चांगले असावे लागते आणि आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीचे पुरेसे ज्ञान असावे लागते. त्या २२ भाषांत मराठी आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने केवळ मराठीच्या बळावरही ही अट पूर्ण होते. शेवटी राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची, कायदे पाळण्याची आणि नागरिकाची कर्तव्ये पार पाडण्याची शपथ घ्यावी लागते. संसदेची रचना कशी आहे किंवा राष्ट्रपतींना कोण निवडते, हे कोणी विचारत नाही. आपण आणि मी तर येथेच जन्मल्यामुळे ही शपथही घेतलेली नाही.

आता आपल्या चुका पाहू, कारण त्या मला उत्तरांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. राष्ट्रभाषेची चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ प्रमाणे देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे आणि 'राष्ट्रभाषा' असा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. संपत्तीच्या हक्काचे उत्तर मात्र आपण शाळेत होता तेव्हा अगदी बरोबर होते. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. मूलभूत कर्तव्यांचेही तसेच आहे. आपल्या शाळेच्या काळात ती घटनेत नव्हतीच. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने दहा कर्तव्ये आली आणि २००२ साली अकरावे आले, ते सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे. या अकरांत मतदान नाही. करभरणाही नाही, जरी ही कर्तव्ये घटनेत घालण्याची शिफारस करणाऱ्या स्वर्णसिंग समितीने तो सुचवला होता. म्हणजे आपण नापास झाला आहात असे म्हणण्यापेक्षा, आपले पुस्तक जुने राहिले आहे असे मी म्हणेन. जन्माने नागरिक झालेल्याला पुन्हा कधीच कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे उत्तर पन्नास वर्षे तसेच राहते, आणि ते तसे राहिल्याचे कळायला आठवीतली नात लागते. नगरसेवकांच्या प्रश्नाकडे मी खाली, कामठीच्या बाईंच्या पत्राला उत्तर देताना वळतो.

प्रश्न : मी निवृत्त अधिकारी आहे. ज्याला राज्यपाल आणि राष्ट्रपती यांतला फरक सांगता येत नाही, त्याच्या मताची किंमत माझ्या मताइतकीच असावी, हे मला पटत नाही. परदेशात परदेशी माणसालाही परीक्षा द्यावी लागते, तर आपल्याकडे मतदार यादीत नाव घालण्यापूर्वी वीस सोपे प्रश्न का विचारू नयेत?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : आपला त्रागा समजतो, पण सूचना मान्य नाही, आणि तिचा दाखला नेमका त्याच अमेरिकेत सापडतो जिचे उदाहरण आपण देत आहात. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळी अनेक दशके अशाच चाचण्या घेतल्या जात. मिसिसिपीच्या १८९०च्या घटनेत अर्जदाराने राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ सांगावा अशी तरतूद होती. कलम कोणते द्यायचे आणि अर्थ बरोबर आहे की नाही, हे नोंदणी अधिकारी ठरवीत असे. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम मिळे आणि काळ्या अर्जदाराला, तो शिक्षक असला तरी, असे कलम मिळे की त्यावर वकिलांचेही एकमत होऊ नये. १९६५च्या मताधिकार कायद्याने या चाचण्यांना लगाम घातला आणि पुढे त्या देशभर कायमच्या बंद झाल्या. प्रश्न सोपे आहेत की अवघड, हा मुद्दाच नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात दार होते, हा मुद्दा होता.

आपल्याकडेही अटी होत्याच. ब्रिटिश काळातल्या १९३५च्या भारत सरकार कायद्याखाली झालेल्या निवडणुकांत मतदानाचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्याशी जोडलेला असल्यामुळे बहुसंख्य प्रौढ यादीबाहेर राहिले. प्रौढ मताधिकाराची मागणी बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढेच केली होती आणि अनुच्छेद ३२६ ने ती प्रत्यक्षात आणली. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि १९५१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. उमेदवाराचे नाव वाचता येत नसेल तर चिन्ह ओळखून मतपत्रिका त्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, अशी सोय करण्यात आली. आपले वीस प्रश्न तेव्हा असते, तर आपल्यापैकी कितीजणांचे आजी-आजोबा त्या रांगेत उभे राहिले असते, याचा हिशेब घरी करून पाहावा. मी माझ्या घराचा केला आणि उत्तर शून्य आले.

एक फरक नोंदवतो. हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी कायम ठेवली. मला ती अट आवडत नाही, तरीही ती निवडून येऊ पाहणाऱ्याला होती, निवडणाऱ्याला नव्हती.

प्रश्न : मी कामठीच्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्राची प्रकरणे पुस्तकाच्या शेवटी येतात आणि परीक्षा तोंडावर आली की ती घाईघाईने उरकली जातात. परदेशातील नागरिकत्व परीक्षेच्या धर्तीवर वर्गासाठी एक प्रश्नसंच करावा असे मनात आहे. पण मुलांनी तो पाठ करून टाकू नये, यासाठी काय करावे?
— एक शिक्षिका, कामठी

उत्तर : बाई, आपण कामठीत शिकवता हे आपले मोठे भाग्य आहे, कारण जो प्रश्न नागपूरच्या वर्गात एकच उत्तर देईल, तो आपल्या वर्गात दोन-तीन उत्तरे देईल आणि तिन्ही बरोबर असतील. 'आपल्या रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर कोणाकडे जायचे?' हा प्रश्न विचारा. एका बाकावरचे मूल नगरपरिषदेच्या हद्दीत राहत असेल. त्याच्या शेजारचे छावणीच्या भागातले असेल, आणि तेथे कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) काम पाहते, जे २००६च्या कायद्याने चालते, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि ज्याचे अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडे असते. तिसरे मूल जवळच्या खेड्यातून सायकलने येत असेल, तर त्याचे उत्तर ग्रामपंचायत. पाठांतराची भीती येथे आपोआप संपते, कारण शेजाऱ्याची वही पाहून लिहिले तर उत्तर चुकते.

दुसरा प्रश्न गावाच्या प्रमुखाविषयी ठेवा. कामठीचा नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा असतो, आणि तेथून पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या नागपूरचा महापौर मात्र नगरसेवकांनी निवडायचा असतो, तोही अडीच वर्षांसाठी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे महापालिकेचे कार्यकारी अधिकार महापौरांकडे नसून राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो वर्षानुवर्षे चुकीच्या माणसावर रागावत राहतो.

लक्ष्मीनगरच्या आजींचा नगरसेवकांचा प्रश्न येथेच घेतो. गेल्या महिन्यात सदरमधल्या एका तर्री-पोह्याच्या टपरीवर आम्ही सात मित्र उभे होतो, तेव्हा मी सहज विचारले, की आपल्याला नगरसेवक किती. एकाने प्लेटमधली तर्री संपवत 'एक' म्हटले आणि पाच जणांनी माना डोलावल्या; सातवा मीच होतो आणि मला ते उत्तर याच सदरासाठी वाचल्यामुळे माहीत होते. नागपूर महापालिकेत १५१ सदस्य आणि ३८ प्रभाग आहेत; ३७ प्रभागांतून प्रत्येकी चार आणि एका प्रभागातून तीन सदस्य निवडले जातात. मतदार अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देतो, म्हणजे बहुतेक नागपूरकर मतदान केंद्रात चार वेळा बटण दाबून बाहेर येतात आणि तरीही 'आमचा नगरसेवक' असे एकवचन वापरतात. गडरलाइन तुंबली की चौघांपैकी कोण, हा प्रश्न मग गल्लीतच सुटतो: ज्याचे घर जवळ, त्याच्याकडे.

याच ओघात मुलांना महापालिकेच्या मुदतीविषयी विचारा. अनुच्छेद २४३-यू प्रमाणे मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण व्हायला हवी. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद हे त्याचे कारण. पुस्तकातले वाक्य आणि घराबाहेरची वस्तुस्थिती समोरासमोर ठेवली, की नववीची मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात. त्यांतला पहिला बहुधा असा असेल, की या निवडणुका घेतो कोण? त्याचे उत्तर राज्य निवडणूक आयोग. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा, हे अनेक मोठ्या माणसांनाही माहीत नसते.

हिवाळी अधिवेशनाचा प्रश्न विदर्भात शिकवताना टाळू नये. ते नागपुरात का भरते, असे विचारल्यावर 'तेव्हा येथे हवा छान असते' असे उत्तर मी एका हुशार मुलाकडून ऐकले आहे, आणि हवेपुरते ते खरेही आहे. मूळ कारण २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात आहे, ज्यात सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे व्हावे असे ठरले. १९५६ पर्यंत नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, ही पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो करार मुलांना कळणार नाही. सापळा म्हणून लगेच विचारा, की हे अधिवेशन राज्यघटनेत लिहिले आहे का? नाही. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे; ती मंडळे १९९४ साली प्रत्यक्षात आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

नागपूर शहरातून कोणी मूल येत असेल तर त्याला एक कठीण प्रश्न द्या: तुझ्या लेआउटमधला रस्ता महापालिकेचा की नागपूर सुधार प्रन्यासचा? १९३६च्या कायद्याने शहराच्या सुधारणेसाठी स्थापन झालेला प्रन्यास आणि महापालिका यांच्यामध्ये घर बांधलेल्या माणसाला या प्रश्नाचे वजन माहीत असते. उत्तर शोधायला मुलाला घरातला घरटॅक्सचा कागद आणि प्लॉटचे जुने कागद काढावे लागतील, वडिलांना विचारावे लागेल आणि कदाचित वडिलांनाही कोणाला तरी विचारावे लागेल. माझ्या मते नागरिकशास्त्राचा खरा तास हाच. राज्यसभेचे सदस्य किती, हे फोनवर क्षणात सापडते. आपले काम कोणाच्या टेबलावर अडले आहे, हे सापडायला कधीकधी वर्ष जाते. म्हणून प्रश्नसंचात एक कृती अवश्य ठेवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहितात ते वर्गात दाखवा: फी दहा रुपये, विषय एकच, आणि आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. दीडशे शब्दांत नेमका प्रश्न विचारणे हा मराठीच्या पेपरचाही उत्तम सराव आहे, तेव्हा मराठीच्या शिक्षकांनाही बरोबर घ्यावे.

शेवटचा प्रश्न मुलांनी बाईंना विचारावा: तुम्ही स्वतः किती निवडणुकांत मत देऊ शकता? लोकसभेला कामठी हा रामटेक मतदारसंघाचा भाग आहे, विधानसभेला कामठी हाच मतदारसंघ आहे आणि त्यानंतर नगरपरिषद. शिवाय पदवीधर म्हणून आणि माध्यमिक शिक्षिका म्हणून विधान परिषदेच्या नागपूर विभागाच्या दोन वेगळ्या मतदारसंघांत आपण पात्र असू शकता. पण या दोन्ही याद्या प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होतात, जुने नाव आपोआप पुढे येत नाही, आणि त्यासाठी पदवीधरांनी नमुना १८ व शिक्षकांनी नमुना १९ भरायचा असतो. आपण तो मागच्या वेळी भरला होता का?

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत नागरिकत्वाची परीक्षा नुकताच पास झाला. त्याचे नाव अजून आमच्या धरमपेठेतील मतदार यादीत आहे. पुढच्या निवडणुकीला तो येथे असेल, तर त्याला मतदान करता येईल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : परीक्षा पास होणे आणि नागरिक होणे यांत बहुधा काही दिवसांचे किंवा महिन्यांचे अंतर असते. तेथील शपथ घेतल्या क्षणी आपला भाऊ अमेरिकी नागरिक होईल आणि १९५५च्या कायद्याच्या कलम ९ नुसार त्याच क्षणी त्याचे भारतीय नागरिकत्व संपेल, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. शपथ झाली नसेल आणि पासपोर्ट भारतीयच असेल, तर तो मतदानाला पात्र आहे. मात्र तो तेथेच राहत असेल, तर साध्या यादीऐवजी नमुना ६-अ भरून अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवावे लागते आणि मत देण्यासाठी स्वतः केंद्रावर यावे लागते. शपथ झाल्यावर भारतीय पासपोर्ट परत करून तो ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करू शकतो. त्या कार्डावर येणे-जाणे, राहणे आणि घर घेणे जमते. मतदान आणि शेतजमिनीची खरेदी जमत नाही. यादीतील नाव तसेच ठेवून मत देणे हा गुन्हा ठरू शकतो, म्हणून शपथेनंतर नमुना ७ भरून ते वगळून घ्यावे. हा अर्ज आपल्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, देता येतो.